आपा शेवटचा भाग बघत नसत

आपांनी मला दुकान विकलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढं त्यांच्याबद्दल माझ्या हातून काही बरं लिहिलं गेलं, तर वाचणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

उस्मानपुऱ्यात त्यांचं दुमजली घर होतं. खाली रस्त्याला तोंड करून एकच गाळा, त्यात माझं मॅचिंग सेंटर. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, दोरे. वरच्या मजल्यावर आपा एकट्या, आणि गच्चीवरच्या खोलीत इंजिनिअरिंगच्या दोन पोरी भाड्यानं. करमाडहून मी शहरात आले तेव्हा खांद्यावर ब्लाऊजपीसची थैली होती. दार उघडणारी बाई आधी माझ्याकडं बघायची, मग थैलीकडं, आणि मग दार लावायची. थैलीवरून गाळ्यापर्यंत मी कुणाच्या मेहेरबानीशिवाय आले. आता तो गाळा माझ्या नावावर व्हावा, एवढंच मला पाहिजे होतं आणि मी ते कधी लपवलं नाही. भाड्याच्या जागेत माणूस भिंतीला खिळा मारतानासुद्धा वर बघतो.

आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, भूगोलाच्या बाई. उंच, काटक, घरातही पायात मोजे. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "टाइमटेबल में बैठा नहीं." निरोपाच्या दिवशी शाळेनं त्यांना शाल दिली, ती त्यांनी तिथल्या तिथं शिपाईणबाईच्या खांद्यावर टाकली आणि नकाशा दाखवायची लांब लाकडी पट्टी मागून घेतली. ती पट्टी पुढं टीव्हीवर चालली.

कोरियन मालिकांचा नाद त्यांना गच्चीवरच्या पोरींनी लावला, असं गल्लीत म्हणत. मी खाली बसून सगळं बघत होते, मला विचारा. पोरी जिन्यात बसून मोबाईलवर बघत होत्या. आपा वरून उतरल्या, थांबल्या, वाकून बघितलं आणि मोबाईल काढून घेतला. "इतना बड़ा मुल्क इतने से शीशे में देखते क्या? चलो ऊपर." त्या दिवशी मोबाईल टीव्हीला जोडला गेला. पुढच्या रविवारी मला हाक आली. त्याच्या पुढच्या रविवारी शेजारचे टपाल खात्यातले काका. काकांचं घर वेगळं होतं, त्यांचा काही संबंध नव्हता, पण आपांनी पट्टीनं त्यांची खिडकी ठोठावली म्हणजे माणूस येणारच. भाडं दोन दिवस पुढंमागं झालेलं आपांना चालायचं. रविवारची दुपार चुकवलेली चालत नसे.

त्यांचे नियम होते. पहिला, हिंदी आवाज बंद. "हिंदी में सब औरतें एकच औरत के आवाज में रोती," असं त्या म्हणत, आणि ते खरंही होतं. मूळ कोरियन आवाज पूर्ण मोठा ठेवायचा, एक अक्षर कळत नसलं तरी. दुसरा नियम मला कळला तो असा. एक दिवस त्या खाली आल्या आणि टीव्हीच्या रुंदीएवढं काळं अस्तर मागितलं. मला वाटलं धूळ बसू नये म्हणून असेल. रविवारी वर गेले तर ते अस्तर पडद्याच्या खालच्या काठावर चिकटपट्टीनं लावलेलं. इंग्रजीत लिहून येणारं भाषांतर त्यानं झाकून टाकलेलं.

"आपा, मग कळणार कसं?" पोरी कळवळल्या.

"नीचे पढ़ते बैठे तो ऊपर चेहरा कौन देखेगा? नकल करके पास होना है क्या?"

तर आम्ही त्या मालिका अशा बघितल्या. आवाज परका, अक्षरं झाकलेली, आणि कोण कुणाचा कोण हे ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं ठरवायचं. पोरी कधी कधी कडेनं अस्तर उचलून बघायच्या, मग पट्टी आपटायची.

भाग संपला की टीव्ही बंद आणि तिसरा नियम सुरू. आपा पट्टी आडवी मांडीवर घेत आणि विचारत, "गलती किसकी?" आजच्या भागात चूक कुणाची, हे प्रत्येकानं उभं राहून सांगायचं. "छान होता भाग" म्हणायची मनाई. छान म्हणणाऱ्याला चहा मिळत नसे. "छान तो मौसम होता है," आपा म्हणत.

काकांचं ठरलेलं मत होतं. "यात नवीन काही नाही. आपल्याकडं हे सगळं पूर्वीच होऊन गेलंय. एकत्र कुटुंब, सासू, मानपान..."

"आपके यहाँ सब पहले था, काका. अब क्या है वो बोलो."

"अब?" काका विचारात पडायचे आणि त्या विचारातच त्यांना डुलकी लागायची.

पोरी नेहमी हिरोच्या बाजूनं. तो पाऊस असो, नसो, छत्री घेऊन उभा. "चूक त्याच्या आईची. टॉक्सिक आहे ती."

"टॉक्सिक क्या होता? फवारणी की दवा? मराठीत बोल."

पोरीला मराठीत सांगता यायचं नाही. आपा म्हणायच्या, "जिस बात का तेरे पास लफ्ज नहीं, वो इल्जाम मत लगा." आणि पुढच्याला उठवायच्या.

माझी पाळी आली की त्या पट्टी बाजूला ठेवून सावरून बसत. मला माहीत होतं, माझ्याशी भांडण्यासाठी त्या आठवडाभर थांबलेल्या असत. मी कापडवाली बाई, मला आधी कापड दिसतं. एका मालिकेत पोरगी खोलीचं भाडं देता येत नाही म्हणून रडत होती. मी उठले आणि म्हणाले, "चूक हिचीच. दर भागात नवा कोट. असल्या कोटाचं नुसतं अस्तर काय भावानं पडतं हे मला विचारा. चार कोट विकले असते तर भाडं भागलं असतं. रडायचं कशापायी?"

पोरी ओरडल्या, "मावशी, ती हिरोईन आहे!"

"हिरोईन असली म्हणून काय? गरिबी अंगावर दिसाय नको?"

आपा टाळी वाजवून हसल्या. मग लगेच उलटल्या. "गरीब को अच्छा कोट पहनने का हक नहीं क्या? तू पहली बार मेरे पास किराया पूछने आई, तब कौन सी साडी पहनी थी?"

त्या दिवशी मी माझी सगळ्यात चांगली साडी नेसून आले होते. गरीब दिसलं की जागेवाला भाडं वाढवतो.

या झाकलेल्या अक्षरांपायी एकदा मोठा घोटाळा झाला. एका मालिकेत एक पोरगी एका तरुणाशी लग्न ठरवून दुसऱ्याच एकाला रोज डबा नेऊन द्यायची, त्याचे केस विस्कटायची, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. सलग तीन रविवार आम्ही तिला दोषी ठरवलं. काकासुद्धा जागे राहून बोलले. मी तर वाटेल ते बोलले. चौथ्या रविवारी गच्चीवरची एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "तो तिचा भाऊ आहे हो. सख्खा."

आम्ही सगळे आपांकडं बघायला लागलो.

"अच्छा," आपा म्हणाल्या. "तो भाई की गलती. बहन इतना करती, एक बार डब्बा धोके वापस दिया क्या उसने?"

आणि खरंच, त्यानं एकदाही दिला नव्हता. आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. अशी ही बाई. तिचा पाय घसरला की ती खाली पडायची नाही, तिथंच बसायची आणि म्हणायची, मला इथंच बसायचं होतं.

दुसरा प्रसंग लोणच्याचा. मालिकेतले लोक जेवताना जे लाल, ओलं कोबीचं लोणचं खातात ते आपांनी घरी घातलं. पानकोबी, लसूण, आणि आमच्याकडची लवंगी मिरची. बरणी गच्चीवर ठेवली, मे महिन्यात. इथलं ऊन आणि तिथलं लोणचं. तिसऱ्या दिवशी झाकण उडून पाण्याच्या टाकीवर आपटलं आणि वास जिन्यावरून थेट माझ्या दुकानात उतरला. लग्नाच्या बस्त्याचं मोठं गिऱ्हाईक बसलं होतं माझ्याकडं, त्यांच्यातल्या आजीबाईंनी नाकाला पदर लावला आणि सगळ्या उठून गेल्या. मी तणतणत वर गेले.

"आपा, हे लोणचं नाय, हा आजार आहे. माझं गिऱ्हाईक गेलं!"

"चख के बोल."

"मी भांडायला आलेय."

"चख के झगड."

चाखलं. वाईट नव्हतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, मीठ कमी आहे. त्या म्हणाल्या, "देखा? बन गया ना तेरा मत."

आता मुद्द्याचं. आपा कुठल्याही मालिकेचा शेवटचा भाग बघत नसत. बहुतेक मालिका सोळा भागांच्या. पंधरावा झाला की पट्टी टीव्हीवर टेकवून त्या जाहीर करत, "बस. खतम." पोरी पाया पडायच्या, विनवण्या करायच्या. उपयोग नाही. त्यांचं म्हणणं असं की पंधरा भाग लोक खोटं बोलतात, भांडतात, एकमेकांना तोडतात, ते खरं असतं. सोळाव्यात सगळे एकदम शरीफ होतात. बर्फ पडतो, माफी मागतात, गेलेला परत येतो. "नक्शे में नदी सीधी खींच दी तो सीधी बहती क्या?"

यावर आमच्यात जुंपायची. पोरी म्हणायच्या, शेवट गोड नको तर एवढं रडलो कशाला? त्या वर जाऊन आपापल्या मोबाईलवर सोळावा बघायच्या आणि गच्चीवरून त्यांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या. काका आपांच्या बाजूनं, कारण एक रविवार सुटी मिळायची. माझं मत होतं की हे ताट वाढून उचलून नेणं आहे. आपांना मी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही भित्र्या आहात." त्या म्हणाल्या, "हौ. फिर?"

हा सगळा विषय माझ्या मुळावर कसा आला ते ऐका. गाळा विकत द्या असं मी आपांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ये ड्रामा खतम होने दे. फिर बोलते." मी म्हटलं, ठीक, म्हाताऱ्या माणसाचा रविवार कशाला नासवा. ती मालिका पंधराव्याला थांबली. दुसरी सुरू झाली. मी पुन्हा विचारलं. "ये ड्रामा खतम होने दे." तिसरी. चौथी. एक दिवस दोरे लावता लावता माझ्या डोक्यात उजेड पडला. जी बाई शेवट बघतच नाही, तिचं कुठलं नाटक संपणार?

मी धंद्यात मुरलेली बाई. मला पाच मिनिटं बोलू द्या, समोरच्याचा खालचा आकडा कुठं आहे ते मला कळतं. पण इथं समोरचा आकडाच बोलत नव्हता. भाव कुणाशी करायचा, भिंतीशी? मी जिन्यात गाठून मागितलं, दवाखान्यात नेताना रिक्षात मागितलं, ईदला शीरखुर्मा खाता खाता मागितलं. मीच माझा आकडा वाढवत गेले. समोरून कुणी बोली लावत नसताना आपलाच भाव वाढवणारी मी पहिलीच असेन. आपा ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तू बहुत जल्दी में रहती."

मला घाई होती, कारण त्यांचा भाचा. भावाचा मुलगा, लासूर स्टेशनला आडतीचं दुकान. घरात अर्धा वाटा त्याच्या वारलेल्या बापाचा होता, म्हणजे आता त्याचा. बिल्डरला ते सगळं घर पाहिजे होतं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. भाचा महिन्या दोन महिन्यांनी कांद्याची गोणी घेऊन यायचा आणि आपांची नमाज होईपर्यंत माझ्या दुकानात बसायचा. माणूस वाईट नव्हता. "कैसा चल रहा, ताई?" याच्या पुढं कधी आवाज चढवला नाही. पण मी मनात म्हणायची, याच्या आधी माझी सही झाली पाहिजे.

मग ती सूपवाल्या बाईची मालिका आली. एका गल्लीत म्हातारीचं सूपचं छोटं दुकान आणि दोन लेकी. म्हातारी दुकान धाकटीच्या नावावर करते, थोरली रागानं घर सोडते. पंधरा भाग म्हातारी रोज एक वाटी जास्तीची मांडते. ती मालिका मला झोंबली. दुकानावरून भांडण होतं, मला झोंबणारच. आम्ही सगळ्यांनी भांडून घर डोक्यावर घेतलं. पंधरावा संपला, आपांनी पट्टी टेकवली.

"लौटेगी," त्या म्हणाल्या. "सोलहवें में लौटाएंगे उसको. झूठे लोग."

"नाय लौटणार," मी म्हणाले.

"तेरेकू क्या मालूम?"

"लावा पैज. ती परत आली तर मी गाळ्याचं नाव आयुष्यात काढणार नाय. नाय आली तर तुम्ही तिथल्या तिथं आकडा बोलायचा. पण बघायचं. सगळा. शेवटपर्यंत."

खरं सांगायचं तर मी आधल्याच दुपारी शटर अर्धं ओढून सोळावा भाग मोबाईलवर बघून घेतला होता. माल उलटून बघितल्याशिवाय मी सौदा करत नाही, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आपा कितीतरी वेळ पट्टी तळहातावर घासत बसल्या.

"सोच ले," आपा म्हणाल्या.

"सोचलं."

"अच्छे से सोच ले, बेटा."

मला त्या कधी बेटा म्हणत नसत. मला वाटलं, घाबरली म्हातारी. मी म्हणाले, "तुम्हीच सोचा."

"ठीक है," त्या म्हणाल्या. "इतवार को."

त्या आठवड्यात भाचा कांदे घेऊन आला. मी खुशीत होते, त्याला चहा सांगितला. म्हणाले, "या रविवारी आपा शेवटचा भाग बघणार आहेत."

"पूरा?"

"पूरा. शब्द दिलाय."

त्यानं पेला खाली ठेवला. चहा अर्धा तसाच सोडून तो उठला आणि आपांना न भेटताच निघून गेला. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण जिंकणाऱ्या माणसाला शंका येत नाही.

रविवारी सगळे जमलो. मालिका सुरू झाल्यावर भाचा आला, हातात मिठाईचा पुडा आणि बगलेत बॅग. चपलांच्या जवळच बसला. आपांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडं.

शेवट असा. थोरली गल्लीत येते. समोरच्या बाजूला उभी राहते. काचेतून आई टेबल पुसताना दिसते. थोरली रस्ता ओलांडायला पाऊल टाकते, थांबते, पाऊल मागं घेते. बस येते, ती चढते. आई जास्तीची वाटी उचलते, धुऊन ठेवते आणि शटर ओढते. संपलं. कुणी कुणाला माफ केलं नाही.

पोरी मुसमुसत होत्या. आपा हलल्या नाहीत. "गलती किसकी" विचारलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "ये सच्चा निकला." दोनदा म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मलाही माझी पैज क्षणभर आठवली नाही.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "हारी मैं. आकडा बोलती—"

"फुप्पू," भाचा उठला. आवाज एकदम हलका. "ड्रामा खतम हुआ ना?"

आपा त्याच्याकडं बघत राहिल्या. "हौ. हुआ."

"आपने मेरेकू भी यही बोला था. अब्बा गए तब से. ये ड्रामा खतम होने दे, फिर सही करती."

मला एकदम सगळं समजलं. जो वायदा मला, तोच त्याला. त्याला माझ्या आधी. इतकी वर्षं पंधराव्या भागाला जे थांबत होतं ते सूप नव्हतं, छत्री नव्हती. ते हे घर होतं.

"आपा, पैज मी जिंकलेय," मी म्हणाले.

"जीती तू. पर उसका वायदा पहले का है." मग त्यांनी एका पोरीकडं हात केला. "पेन दे."

भाच्यानं बॅगेतून बिल्डरचे कागद काढले. आपांनी सावकाश, सुंदर उर्दू अक्षरात सही केली, प्रत्येक पानावर. शाळेच्या निकालपत्रावर करत असतील तशी. भाच्यानं मला रिकामं करायला पुरेसा वेळ देऊ असं सांगितलं, माल न्यायला टेम्पोही देतो म्हणाला. त्यानं दोन्ही शब्द पाळले. मला त्याचा राग नाही. माझा राग वर बसलेल्या त्या बाईवर होता, आणि आहे.

आता मी पदमपुऱ्यात आहे, भाड्याच्याच गाळ्यात. जुनी गिऱ्हाईकं अर्धी आली, अर्धी गेली. उस्मानपुऱ्यात घर होतं तिथं पत्रे ठोकलेत. भाच्यानं बीड बायपासला फ्लॅट घेतला आणि आपांना बरोबर नेलं. कितीतरी महिने मी गेले नाही. मनात भाषण तयार करत होते. माप घेताना करत होते, स्कूटी चालवताना करत होते, एकदा तर एका गिऱ्हाइकाला चुकून "आपा" म्हणाले. शेवटी एका दुपारी दुकान बंद करून गेले.

भाच्याच्या बायकोनं दार उघडलं, कानात वायर. हॉलमध्ये मोठा टीव्ही, बंद. सोफ्यावर दोन पोरं, कानात वायर. आपा आतल्या खोलीत खिडकीशी.

"बैठ."

"बसायला आले नाय," मी म्हणाले. पर्स खांद्यावरच ठेवली. "मला एकदा सांगायचं होतं ना, की भाच्यालाही हाच वायदा केलाय म्हणून! मी ती पैज लावली असती का?"

"उसको हाँ बोलती तो तेरी दुकान जाती. तेरेकू हाँ बोलती तो उसके बाप का हिस्सा अटकता. दोनों को ना बोलने की हिम्मत नहीं थी मेरी. पंधरा पे रोक के रखी थी मैंने."

"तेच सांगायचं होतं!"

"तूने पूछा कब? तू तो भाव पूछती थी."

"मग दुसरं काय विचारणार? दुकानदार आहे मी. आणि ऐका आता. तुम्ही सांगितलं असतं ना, तर मी भाच्याला समोर बसवलं असतं. तुमचा अर्धा, त्याचा अर्धा. बिल्डरला वरचं बांधायचं होतं, त्याला माझ्या गाळ्याची काय अडचण? नव्या इमारतीत खाली एक गाळा मला, बाकी सगळं त्याचं. तिघांनाही परवडलं असतं. हे मी एका दुपारी जुळवून आणलं असतं, आपा. हे एवढंच तर मला येतं! आणि तुम्ही तेच मला करू दिलं नाय."

माझा आवाज हॉलपर्यंत गेला असणार. कुणी डोकावलं नाही. सगळ्यांच्या कानात वायर.

मला त्यांचं उलटणं माहीत होतं, मी त्याचीच वाट बघत होते, तयारीत होते.

"ये मेरेकू सूझा नहीं," त्या म्हणाल्या.

बस. एवढंच. त्यांनी हार मानली तर मी पुढं काय बोलायचं हे मी ठरवलंच नव्हतं. भाषण अजून निम्मं शिल्लक होतं. मी उगाच पर्सची चेन उघडली, लावली. बाहेर बायपासवरून ट्रक जात होते. निघावं म्हणून वळले तर त्यांनी मागून विचारलं, "नई दुकान का किराया कितना?"

मी सांगितलं.

"ज्यादा है."

माझं डोकंच फिरलं. या बाईनं जन्मात कधी भाव केलेला नाही. भाजीवाल्यानं जे मागितलं ते दिलं. "तुम्हाला काय कळतं भाड्यातलं?"

"यहाँ सामने गाला खाली है, बोर्ड पे नंबर लिखा था. दिन भर खिड़की में बैठती मैं, क्या करूँ? फोन करके पूछी. फिर टेम्पो वाले से नंबर मंगा के पदमपुरे वालों को भी पूछी. तेरी लाइन में तीन दुकान वालों को." त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "सब तेरे से कम देते. ठग गई तू."

मी बसले नाही, पाणी घेतलं नाही. जिना उतरले, स्कूटी काढली आणि थेट पदमपुऱ्याला, गाळ्याचा मालक जेवायला बसला होता तिथं जाऊन उभी राहिले. तो जेवण संपेपर्यंत थांबा म्हणाला. मी म्हणाले, तुम्ही जेवा, मी बोलते. संध्याकाळपर्यंत भाडं खाली आणलं.

आपांना सांगायला मात्र लगेच गेले नाही. रविवार येईपर्यंत थांबले.